बाजूने दिसावं म्हणून

तीन वर्षांपूर्वी, भातकापणीच्या दिवसांत, एका रविवारी संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास माझे वडील सायकलवरून फाट्याकडून घरी येत होते. शेतातल्या गाडीवाटेने एक टेम्पो रस्त्यावर आला. वडील पडले. महाडला नेईपर्यंत ते गेले. टेम्पो माझा चुलतभाऊ निलेश चालवत होता.

आता पुन्हा कापणी आली आहे. महाडच्या ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते, तिथे साडेपाचला खिडक्या लावताना परवापरवापर्यंत टेबलांवर ऊन असायचं. ते रोज थोडं मागे सरकलं आणि एक दिवस आलंच नाही. बाजाराच्या रस्त्याने पेंढा भरलेली वाहनं जातात, त्यांचा वास आत येतो. कोरडा, थोडा गोड, घशात खवखवणारा. हा वास मला लहानपणी फार आवडायचा. हात-पाय खाजले तरी आम्ही भाताचे भारे रचलेल्या उडवीवरून घसरगुंडी करायचो आणि रात्री आई खोबरेल तेल चोळत ओरडायची. आता तो वास आला की मी खिडकी जरा लवकर लावते.

वाचनकक्षाबाहेर मुलांच्या सायकली उभ्या असतात. घरी निघताना माझी नजर आधी चाकांकडे जाते. पुढे दिवा असतो, निदान मोबाईलची बॅटरी बांधलेली असते. मागे लाल तुकडा असतो. बाजूला काही नसतं. सायकल बाजूने बघितली तर आहेच काय? दोन रिंगा, चार नळ्या, आणि त्यांच्यामधून पलीकडचं सगळं दिसतं. उजेडातसुद्धा ती अर्धी हवाच असते. अंधारात उरलेली अर्धीही जाते.

हे माझं निरीक्षण नाही, अण्णांचं, माझ्या वडिलांचं आहे. माझ्याकडे आता बरंचसं त्यांचंच आहे.

अण्णा विज्ञानाचे शिक्षक. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी पोलादपूरच्या वर, कुडपणच्या बाजूला काढली. तिथे सायकलचा प्रश्नच नव्हता. चढ असा की माणसाला स्वतःचंच ओझं व्हावं. थंडीत मुलं पहाटेच्या काळोखात शाळेत यायची, हातात काटक्यांची पेटती चूड घेऊन. समोरच्या डोंगराच्या सोंडेवरून ती उतरताना दिसायची. एक ठिणगी वळणावर लपायची, दुसरी निघायची. अण्णा शाळेच्या पायरीवर बसून त्या मोजायचे. अकरा झाल्या की चूल पेटवून चहा ठेवायचे. "चुडीला पुढची बाजू नसते," ते म्हणायचे. "ती सगळीकडून सारखीच दिसते. बॅटरी आली आणि आपण फक्त नाकासमोर बघायला लागलो."

पुढे ते खाली, पोलादपूरकडच्या एका हायस्कुलात आले. तिथल्या मुलींना सरकारी सायकली मिळाल्या. दहावीचे जादा तास सुटेपर्यंत काळोख व्हायचा, आणि एके संध्याकाळी आडव्या आलेल्या जीपला चुकवताना मनीषा नावाची मुलगी सायकलसकट गटारात पडली. तिला फक्त खरचटलं. पण दुसऱ्या दिवशी अण्णांनी अख्खा वर्ग दिवेलागणीला मैदानात उभा केला. पुढचं मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथे होते असंच वाटतं.

"सर, पुढं दिवा हाय, मागं लाल हाय," एक मुलगा म्हणाला. "अजून काय, सायकलीला नवरीवानी नटवायची?"

"नटव. तुला ठोकणारा काय प्रार्थनेच्या रांगेत उभा राहून मागूनच येणार आहे?"

मग त्यांनी त्याच मुलाला मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवं जायला सांगितलं आणि स्वतः बॅटरी मारली. "कुठे आहे तो?"

"चेनचा आवाज येतोय, सर."

"आवाज नको. दिसतोय का?"

दिसत नव्हता. अण्णांनी दोन्ही चाकांच्या तारांना रुपेरी पट्ट्या गुंडाळल्या आणि त्याला पुन्हा पाठवलं. बॅटरीच्या झोतात मुलगा आलाच नाही, सायकलही आली नाही. जमिनीपासून वीतभर वर दोन उजेडाची कडी गरगरत गेली. मागून कुणीतरी "च्यायला!" म्हणालं. एरवी एवढ्यावर अंगठे धरायला लावणारे अण्णा म्हणाले, "बरोबर."

त्या पट्ट्या कुठून यायच्या, तर हायवेवरून. रस्त्याचं काम तेव्हा सुरू होतं, आणि आमच्याकडे ते सुरूच असायचं. मजुरांची नारिंगी जॅकेटं फाटली की मुकादम ती तंबूमागे टाकून द्यायचा. अण्णा जाऊन मागायचे. "मास्टरजी, ये तो कचरा है." "मला कचराच पाहिजे." मग ती जॅकेटं आमच्या घरी यायची. आई ती सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवायची, त्यांवरची रुपेरी पट्टी कात्रीने सोडवायची आणि बोटाएवढे तुकडे करून ठेवायची. पट्टी कापडी, म्हणून चिकटवलेली टिकत नसे. ती तारेभोवती गुंडाळून पक्क्या दोऱ्याने टाके घालावे लागत. हे काम काकांच्या ओटीवर व्हायचं, कारण दुपारचा उजेड तिथे चांगला. आई टाके घालायची, काकू दोरा ओवून द्यायची, आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं आपापल्या सायकली उलट्या करून रांगेत बसायची. त्यांनी अण्णांना चमकीसर हे नाव ठेवलं. अण्णांना ते ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर पत्र्याच्या डब्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'चमकी' असं लिहून ठेवलं होतं.

ओटीवर पहिली सायकल नटली ती निलेशची. तो तेव्हा दुसरीत होता आणि सायकल त्याच्यापेक्षा उंच होती. तो आमच्या घरात जेवायचा आणि त्यांच्या घरात झोपायचा, किंवा उलट. काकांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच अंगण. कापणी दोघांची मिळून व्हायची. आधी त्यांचं शेत, मग आमचं, पुढच्या वर्षी आधी आमचं. कुणाची पाळी आधी हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण चुकायचं नाही. निलेश मोठा होऊन मुंबईला गेला, तिथे गाडी चालवली, परत आला आणि टेम्पो घेतला. तो टेम्पो पहिल्यांदा अंगणात आला तेव्हा नारळ अण्णांच्या हातून फुटला.

सावित्रीच्या काठाने तुडीलकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आमचं गाव थोडं आत आहे. फाट्यापर्यंत दीड किलोमीटर. रविवारी मी महाडला परतताना अण्णा माझी पिशवी कॅरियरला लावायचे आणि आम्ही दोघं चालत जायचो. त्या रविवारीही तसंच. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, मधेच काकांचं एक आणि आमचं अजून उभं, गुडघाभर धुकं. पिशवीत नव्या तांदळाचे पोहे होते.

"पुस्तक आणशील ना ते?" त्यांनी विचारलं.

"कोणतं? तुम्ही चार सांगितलीत."

"चारही आण. कापणी संपली की काळोखाचे तास भरपूर."

एसटी आली. मी खिडकीशी बसले. गाडी फाट्यापुढच्या वळणावर वळली तेव्हा तिच्या दिव्यांचा झोत आमच्या गावाच्या रस्त्यावरून आडवा फिरला आणि त्यात मला अण्णा दिसले. अण्णा म्हणजे तीच दोन कडी, गरगरत, घराकडे. मला हसू आलं. साठी उलटलेला माणूस आणि जत्रेतल्या पाळण्यासारखी त्याची सायकल. मग झोत पुढे गेला.

मी त्यांना पाहिलं. एवढं एक वाक्य. ते मला पुढे जिथे सांगायचं होतं तिथे मी सांगितलं नाही.

मी रात्रीच गावी परतले होते. सोमवारी सकाळी त्यांना महाडहून घरी आणायचं होतं. आदल्या संध्याकाळीच कुणीतरी सायकल उचलून आमच्या अंगणात आणली होती आणि माडाला टेकवून ठेवली होती. पुढचं चाक वाकलं होतं. मागचं सरळ होतं. पट्ट्या दोन्ही चाकांवर जागच्या जागी होत्या. त्यांतल्या काहींवर रक्त होतं.

"गो शुभे," काका म्हणाले, "दादाला आनायच्या आधी ही धुवून काडू. रक्ताची वस्तू दारात ठेवू नये."

मी पाणी आणलं. मी ओतत होते आणि काका काथ्याने घासत होते. मग त्यांनी कमरेचा विळा काढला आणि पट्ट्यांचे टाके एकेक करून कापले. मी बघत राहिले असेन, कारण ते म्हणाले, "कापड हाय ना ह्ये. रक्त लागलेलं कापड ठेवत नायत. त्याच्या कपड्यांबरोबर जाऊं दे."

ते खोटं नव्हतं. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या अंगावरचं आणि रक्त लागलेलं कापड घरात राहत नाही, नदीला देतात. आजोबांच्या वेळी उशीची खोळसुद्धा गेली होती. पट्टी कापडाची, आईनेच शिवलेली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. रक्त नसलेल्या पट्ट्याही ते कापत होते, हे दिसत असूनही दिसलं नाही. मी त्या सगळ्या गोळा केल्या, आदल्या रात्री दवाखान्यातून परत आलेल्या अण्णांच्या सदऱ्यात घातल्या आणि गाठोडं बांधून काकांच्या हातात दिलं.

निलेश उडवीच्या सावलीत बसला होता. रात्रभर तसाच बसलेला. तो उठून माझ्या पायाशी आला. "ताय, चाकं चमकली गो. मला दिसली. मी म्हटलं, जाईल पुढं. मंग मोबाईल वाजला, आनि मी खाली बघितलं..."

"निल्या, गप ऱ्हा," काका मान वर न करता म्हणाले. "आत जा."

मला वाटलं, ते त्याला सावरतायत. मीही त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ओल्या हाताचं पाणी त्याच्या कपाळावरून ओघळलं.

बुधवारी हवालदार आले. अंगणात खुर्ची ठेवली, चहा दिला. त्यांनी सायकल फिरवून पाहिली. चाकं लखलखीत होती, कारण मी त्यांवर आठ बादल्या पाणी ओतलं होतं.

"दिवा पुढं व्हता," काका म्हणाले. "पन बाजूला कायएक नव्हतं. दादाचं वय झालेलं, डोळ्यांचं पन तसंच. काळोखात एकदम आडवा आला. पोरगा काय करील, सायेब?"

अण्णांचे डोळे चांगले होते. सुईत दोरा ते आईला ओवून द्यायचे, काकू नसली की.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. सायकलच्या चाकांवर काही चमकणारं होतं का?"

काकू दाराशी उभी होती, कडेवर निलेशची आठ महिन्यांची मुलगी. आई उंबऱ्याला टेकून बसली होती. मी आईकडे पाहिलं. तो प्रत्येक टाका तिने घातला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती शेताकडे बघत होती. आमचं भात उभं होतं आणि लोंब्या वाकून जमिनीला लागल्या होत्या. आणखी चार दिवस गेले असते तर दाणा झडला असता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी महाडला असते."

त्यांनी ते लिहून घेतलं.

त्याच दुपारी काकांच्या घरची सगळी माणसं विळे घेऊन आमच्या शेतात उतरली. सुतकात कापणी करू नये असं कुणी म्हणालं नाही. भात थांबत नाही, हे सगळ्यांना मान्य असतं. "आज तुमचं उरकूनच टाकतो," काका मला म्हणाले, आणि दिवे लागेपर्यंत खरंच उरकलं. इतकं स्वच्छ कापलं होतं की चिमण्यांना काही राहिलं नाही. पट्ट्या नव्हत्याच म्हणायचं, हे काकांच्या मनात सोमवारी सकाळीच होतं की बुधवारी आलं, हे मला अजून कळलेलं नाही. कळून फरक पडेल असंही वाटत नाही. प्रथेने आणि माणसाने मिळून मला फसवलं, आणि दोघांना पाणी मीच ओतून दिलं.

मला वाटलं होतं, या खोट्याचं काम कागदावर संपेल. खोटं घरी येतं हे मला माहीत नव्हतं. महिन्याभराने एसटीत पुढच्या बाकावर दोन तरुण होते. गाडी आमच्या फाट्यावर हळू झाली.

"हितंच गेले ना रे चमकीसर?"

"हां. आनि त्यांच्याच चाकाला पट्टी नव्हती म्हने."

"काय सांगतोस! आमच्या मागं वर्षभर हात धुवून लागलेले."

"दिव्याखाली अंधार, दुसरं काय! मी तर काडूनच टाकली. तार गंजत व्हती उगाच."

दोघं हसले. त्यात वाईट काही नव्हतं. आपल्या मास्तरांच्या गोष्टीला लोक हसतात तसं ते हसू होतं. मी त्यांच्या मागच्या बाकावर बसून होते. पुढे वाकून एक वाक्य बोलायचं होतं. मी पिशवीतलं पुस्तक काढलं आणि महाड येईपर्यंत एकच पान वाचलं.

वाचणारी माणसं भित्री असतात का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आम्हाला शब्द लागतात, आणि ते जुळेपर्यंत वेळ गेलेली असते. पण त्या दिवशी अंगणात मला शब्द सुचले नव्हते असं नाही. मला दोन शब्द हवे होते, 'होत्या, शिवलेल्या', आणि ते माझ्या तोंडात होते.

आईशी मी एकदाच बोलले. "तू का नाही सांगितलंस?"

ती तांदूळ निवडत होती. "तुला महाडला जायचं व्हतं," ती म्हणाली. "मला हितं ऱ्हायचं व्हतं."

अण्णा मुलांना सांगायचे की पट्टीला स्वतःचा उजेड नसतो. कुणीतरी तिच्यावर उजेड टाकावा लागतो, आणि टाकणाऱ्याने बघावंही लागतं. आपण आपल्या बाजूने दिसत राहायचं, एवढं आपल्या हातात. हे ते विज्ञान म्हणून सांगायचे. त्यांना वाटायचं, दिसलं की माणूस थांबतो. मैदानावर तसंच झालं होतं. घराच्या रस्त्यावर ते दिसले. निलेशला दिसले, मला दिसले. आणि नंतर आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की ते दिसत नव्हते.

यंदा गणपतींनंतर मला कोर्टाचं समन्स आलं. साक्षीला चार दिवस असताना काका ग्रंथालयात आले. इतक्या वर्षांत ते कधी तिथे आले नव्हते. चपला बाहेर काढून, वाचनकक्षातल्या खुर्चीच्या अगदी कडेला बसले, जणू तीही कुणाच्या मालकीची. समोर त्यांनी पोह्यांची पिशवी ठेवली.

"तेव्हा सांगितलंस तेच सांग, गो. नवं काय नको."

"काका, पट्ट्या होत्या."

"व्हत्या. मला ठाव नाय काय? तुझ्या आयशीनं माझ्याच ओटीवर बसून शिवल्या." त्यांनी आवाज खाली केला, कारण पलीकडे एक मुलगी वाचत होती. "दादा गेला तो गेला. निलेशला आत घालून दादा येनार हाय?"

"नाही येणार. पण ते आंधळ्यासारखे आडवे आले नव्हते."

"लोक दोन दिस बोलतात."

"तीन वर्षं बोलतायत."

ते पुस्तकांच्या कपाटांकडे बघत राहिले. माझ्याकडे बघणं त्यांना जमत नव्हतं, एवढं तरी मी त्यांच्या बाजूने लिहीन. "लेकीनं ह्यात पडू नये," उठताना ते म्हणाले. "तुझी आय तिकडं येकटी हाय." त्यांचा आवाज धमकीचा नव्हता. जे आहे ते त्यांनी सांगितलं. म्हणूनच मला भीती वाटली.

कोर्टात मी सांगितलं. एसटी वळली, झोत फिरला, दोन्ही चाकं दिसली. दुसऱ्या दिवशी पट्ट्या कुणी कापल्या, पाणी कुणी ओतलं, निलेश काय म्हणाला. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. निलेश खाली मान घालून उभा होता. त्याची मुलगी आता चार वर्षांची होत आली, काकूचा हात धरून ती बाहेर व्हरांड्यात होती.

त्याच्या वकिलांनी माझा जुना जबाब वाचून दाखवला. "हे तुम्हीच सांगितलं होतं?"

"हो."

"मग तेव्हा खोटं बोललात की आज?"

"तेव्हा."

"का?"

"घाबरले होते."

"कोणाला? कुणी धमकी दिली होती?"

"नाही. कुणीच नाही."

त्यांनी न्यायाधीशांकडे बघून हात पसरले आणि खाली बसले. मला कळलं, एकदा 'माहीत नाही' म्हणालेल्या बाईच्या 'माहीत आहे'ला फार वजन नसतं. अण्णांना वाचवायला मी गेले होते, आणि त्यांच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा तीन वर्षांपूर्वी मीच देऊन बसले होते.

निकाल अजून लागलेला नाही. काकांच्या घरचं कुणी यंदा आमच्या शेतात आलं नाही. मजूर लावून भात कापलं. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. कोर्टाच्या फाईलमध्ये माझे दोन जबाब आहेत. एकात मला माहीत नाही, दुसऱ्यात मी पाहिलं आहे. दोन्हींवर नाव माझंच आहे.